दोन वर्दीवाले दोस्त आणि चौकटीबाहेरचा तिसरा

"पिक्चर आहे, डोकं घरी ठेवून बघायचा."

हे वाक्य आम्ही अंथुर्ण्यात, बारामतीत, इंदापुरात इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते म्हणीसारखं झालं आहे. आमचा विरोध या वाक्यापासूनच सुरू होतो. डोकं घरी ठेवायला सांगणारा माणूस कोण आणि त्यात त्याचा फायदा काय, हे आधी तपासायला आपल्याला फुल्यांनी आणि बाबासाहेबांनी शिकवलं. आपल्या आज्या-पणज्यांनाही पोथीसमोर बसवून हेच सांगितलं जायचं: ऐका, हात जोडा, विचारू नका. पोथी गेली, पडदा आला. सूचना तीच राहिली.

निमित्त सांगतो. जयंतीच्या आठवड्यात वस्तीत एका रात्री पडदा लावून सिनेमा दाखवायचा, असं ठरलं. तरुणांकडून नावं मागवली. आली ती अशी: 'सिंघम अगेन', 'धूम २', आणि 'बॅड बॉईज'चा हिंदी आवाजातला दुसरा भाग. तिन्ही पोलिसांचे सिनेमे, तिन्ही आधीच्या सिनेमाचे पुढचे भाग, तिन्हींत मारामारी आणि विनोद एका ताटात. नावं सुचवणाऱ्या पोरांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. यातली निम्मी पोरं पहाटे पाच वाजता बारामती-इंदापूर रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीसाठी धावतात. सोळाशे मीटरचं वेळापत्रक त्यांच्या घरच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावलेलं असतं. वर्दी हे त्यांचं स्वप्न आहे, आणि उसाच्या फडातून, एमआयडीसीच्या कंत्राटी कामातून बाहेर पडायचा तो एक खरा रस्ता आहे. म्हणूनच हा लेख. ज्याला उद्या वर्दी घालायची आहे, त्याला वर्दीबद्दल पडदा काय शिकवतो, हा प्रश्न करमणुकीचा नाही.

साचा कसा चालतो

दोन पोलीस. एक गंभीर, शिस्तीचा, देखणा. दुसरा बडबड्या, घाबरट, बायकांच्या मागे लागणारा. दोघं भांडतात, एकमेकांची खेचतात आणि शेवटी एकमेकांसाठी जीव धोक्यात घालतात. प्रेक्षक या दोस्तीच्या प्रेमात पडतो. एकदा प्रेमात पडला की हे दोघं काय करतात हे तो बघत नाही, किती मजेने करतात एवढंच बघतो.

पहिल्या भागात निदान ओळख करून द्यावी लागते. हे पोलीस आहेत, यांच्या वर साहेब आहे, साहेबाच्या वर कायदा आहे. दुसऱ्या भागात ती गरज उरत नाही. प्रेक्षक आधीच पटलेला असतो. त्यामुळे पुढचा भाग मोठा होतो म्हणजे गाड्या जास्त फुटतात, गोळ्या जास्त सुटतात आणि नियम आणखी मागे पडतो. २००३ च्या 'बॅड बॉईज २' मध्ये मायामीचे दोन पोलीस थेट क्युबात घुसतात आणि पळून जाताना डोंगरउतारावरच्या झोपडपट्टीतून गाडी घालतात. पत्र्याची, फळ्यांची घरं एकामागून एक कोसळत जातात. कॅमेरा गाडीतल्या दोघांच्या चेहऱ्यावर असतो. घरं कुणाची होती, त्या घरात संध्याकाळी चूल कुठे पेटली, हे सिनेमा विचारत नाही. आपण मात्र विचारलं पाहिजे. कारण आपली घरं पत्र्याचीच होती, आजही अनेकांची आहेत. गाडीत बसून आपण ज्या दृश्यावर हसतो, त्या दृश्यात आपली जागा गाडीत नाही, पत्र्याखाली आहे.

दोन वर्दीवाल्या दोस्तांच्या प्रत्येक सिनेमात एक तिसरा असतो. ज्याला मारलं जातं, ज्याचं घर पडतं, ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही. आमचा लेख त्या तिसऱ्याबद्दल आहे.

दीक्षित, अली आणि आर्यन

आपल्याकडे या साच्याचा सगळ्यात गाजलेला पुढचा भाग म्हणजे 'धूम २'. यशराज फिल्म्सचा, संजय गढवी दिग्दर्शित, २४ नोव्हेंबर २००६ ला प्रदर्शित झालेला. त्या वर्षीच्या सगळ्यात जास्त कमाई करणाऱ्या हिंदी सिनेमांत तो अग्रभागी होता. नावांकडे बघा. बुद्धी, नेतृत्व आणि अधिकार असलेला एसीपी जय दीक्षित. त्याच्या हाताखाली अली. हा अली पहिल्या भागात मोटरसायकलींचा मेकॅनिक होता. दुसऱ्या भागात तो वर्दीत येतो, तरी काम तेच राहतं: वेडगळ बोलणं, मार खाणं, हशा मिळवणं. आणि ज्याच्या मागे हे दोघं लागले आहेत तो जगातला सगळ्यात रुबाबदार चोर. त्याचं नाव आर्यन.

दीक्षित डोकं चालवतो, अली हसवतो, आर्यन चोरी करतो आणि तीही कलेसारखी. हे कुणी कटकारस्थान करून लिहिलं असं आम्ही म्हणत नाही. कट करावा लागत नाही, हाच मुद्दा आहे. ज्या समाजाच्या मनात उतरंड मुरलेली असते, त्या समाजाचा लेखक नाव शोधायला बसला की उतरंड आपोआप लेखणीतून उतरते.

आता शेवट आठवा. आर्यन राणीचा मुकुट चोरतो, हिरा चोरतो, देशोदेशीच्या पोलिसांना नाचवतो. शेवटी जय दीक्षित त्याला फिजी बेटांवर गाठतो. आर्यन तिथे प्रेयसीबरोबर हॉटेल चालवत असतो. आणि पोलीस अधिकारी त्याला सोडून देतो. चोरीचा माल मिळाला, चोर प्रेमात पडून सुधारला, मग तुरुंग कशाला? प्रेक्षक डोळे पुसतो आणि टाळ्या वाजवतो.

माणूस सुधारू शकतो, त्याला दुसरी संधी मिळावी, हे बुद्धाच्या वाटेने जाणाऱ्या आम्हाला मान्य आहे. अंगुलिमालाला बुद्धाने जवळ केलं. पण आमचा प्रश्न असा की ही करुणा कुणाला मिळते? आपल्या इंदापूर, बारामती, दौंड, कर्जत या पट्ट्यात पारधी समाज राहतो. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट उभी राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्यातून पुसला गेला, पण ठाण्यातल्या वहीतून गेला नाही. गावात कुठे चोरी झाली की आजही पहिली गाडी पालावर जाते. कोंबडी गेली तरी जाते, आणि त्या पोराकडे काही सापडलं नाही तरी त्याला सोबत नेते. आर्यनने मुकुट चोरला तर तो कलाकार. पारधी पोराने काहीच चोरलं नाही तरी तो सराईत. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवर आधारलेली कामाची वाटणी आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणारे उल्लेख रद्दबातल ठरवले. प्रजासत्ताकाच्या ७५ व्या वर्षी. म्हणजे तोवर ते पुस्तकात होते.

नोव्हेंबर २००६

'धूम २' ज्या महिन्यात आला तो महिना आपल्या चळवळीने विसरता कामा नये. आजच्या अठरा-वीस वर्षांच्या पोरांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता किंवा ती पाळण्यात होती, म्हणून तारखा मांडतो.

२९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे या चौघांना गावाने ठार मारलं. भैयालाल भोतमांगे एकटे उरले. बरोबर आठ आठवड्यांनी, शुक्रवारीच, 'धूम २' लागला. या आठ आठवड्यांत पोलिसांनी काय केलं? तक्रारीकडे वेळेत लक्ष दिलं नाही, तपासात आणि शवविच्छेदनात हेळसांड झाली, मोठ्या वृत्तपत्रांनी बराच काळ बातमी पहिल्या पानावर येऊ दिली नाही. लोक रस्त्यावर आले तेव्हा नागपूर, अमरावती, यवतमाळमध्ये पोलिसांची काठी मात्र वेळेवर आली. आंदोलनामागे नक्षलवादी असल्याची शंका सरकारातून बोलून दाखवली गेली. पुढे खटला चालला, शिक्षा झाल्या, पण हा जातीय अत्याचार होता हे मानायला खालचं आणि उच्च अशी दोन्ही न्यायालयं तयार झाली नाहीत. अॅट्रॉसिटी कायदा लागलाच नाही.

११ नोव्हेंबर २००६ ला मुंबईत वर्सोव्याला रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला पोलिसांनी 'चकमकीत' मारलं. ती चकमक बनावट होती हे न्यायालयात सिद्ध झालं, त्यासाठी त्याच्या वकील भावाला वर्षानुवर्षं लढावं लागलं. २०१३ मध्ये पोलिसांना जन्मठेप झाली. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या वेळच्या नावाजलेल्या चकमकफेम अधिकाऱ्यालाही दोषी धरलं.

नोव्हेंबरच्या अखेरीस कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. ३० नोव्हेंबरला उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीन जळाली आणि दूरचित्रवाणीला अचानक दलित दिसू लागले. खैरलांजीत चार माणसं मेली तेव्हा न दिसलेले दलित, रेल्वेचे डबे जळल्यावर दिसले. गाडी जाळण्याचं समर्थन आम्ही तेव्हाही केलं नसतं, आजही करत नाही. पण योगायोग बघा. त्याच आठवड्यात महाराष्ट्रातल्या थिएटरात आर्यन धावत्या रेल्वेवर उतरून मुकुट पळवत होता आणि लोक शिट्ट्या मारत होते. पडद्यावरची रेल्वे ही स्टाइल होती. उल्हासनगरची रेल्वे हा 'दलितांचा उन्माद' होता.

त्याच ३० नोव्हेंबरला संसदेत सच्चर समितीचा अहवाल मांडला गेला. सरकारी नोकऱ्यांत, पोलिसातही, मुस्लिमांचा वाटा लोकसंख्येच्या मानाने किती तोकडा आहे, हे त्यात मांडलं होतं. पडद्यावर मात्र अली पोलिसात होता, आणि विदूषक होता. खऱ्या ठाण्यात जागा नाही, खोट्या ठाण्यात जागा आहे, पण हसण्यापुरती.

हसू कुणाच्या बाजूने होतं?

पोलिसांवरचा विनोद ही मराठी माणसाला नवी गोष्ट नाही. तमाशाच्या वगात शिपाई, हवालदार, कोतवाल ही पात्रं पिढ्यान् पिढ्या आहेत. 'विच्छा माझी पुरी करा' मध्ये दादा कोंडक्यांनी हवालदार रंगवला. १९७५ च्या 'पांडू हवालदार' मध्ये त्यांच्याबरोबर अशोक सराफ होते. दोन हवालदारांची जोडीच ती. म्हणजे हॉलिवूडकडून उसना घ्यावा असा हा साचा नव्हता, आपल्या मातीतच होता.

पण हसण्याची दिशा बघा. वगातल्या हवालदाराला लोक हसायचे कारण एरवी त्याला घाबरायचे. त्याची लाच, त्याची लाळघोटी, साहेबासमोर त्याचं शेपूट घालणं हे फडात उघडं व्हायचं. ज्या जातींनी तमाशा जगवला, त्या जातींवरच हवालदाराची काठी रोज पडत होती. त्यांनी रात्री त्याला रंगमंचावर आणून त्याची टोपी उडवली. हे खालून वर गेलेलं हसू होतं. दुबळ्याच्या हातातलं ते हत्यार होतं.

आजचं हसू वरून खाली येतं. आज हवालदारावर हसत नाहीत, हवालदार ज्याला मारतो त्याच्यावर हसतात. कोठडीतला आरोपी थरथरतो आणि नायक त्यावर विनोद करतो. थोबाडीत मारल्यावर माणूस गिरकी घेऊन पडतो आणि थिएटर खळखळून हसतं. कोठडीतली मारहाण हा गुन्हा आहे हे सांगणारा कायदा पुस्तकात राहतो. कोठडीतली मारहाण हा विनोद आहे हे सांगणारा सिनेमा डोक्यात राहतो. समाजशास्त्रात सांस्कृतिक वर्चस्व म्हणतात ते हेच. ज्याला मार पडणार आहे त्यालाच त्या मारावर हसायला शिकवायचं.

सिंघमपासून परभणीपर्यंत

मे २०११ मध्ये लखनभैया प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने बनावट चकमक करणाऱ्या पोलिसांना फाशीपर्यंतची शिक्षा व्हावी, इतक्या कडक शब्दांत सुनावलं. जुलै २०११ मध्ये 'सिंघम' आला. न्यायालयाचा निकाल किती जणांनी वाचला? 'सिंघम'चे संवाद किती जणांना पाठ आहेत? उत्तर आपल्याला माहीत आहे.

२०१८ च्या डिसेंबरात 'सिम्बा' आला. संग्राम भालेराव नावाचा लाचखोर, विनोदी पोलीस बलात्काराच्या आरोपींना डिवचून ठाण्यातच गोळ्या घालतो, आणि सिंघम येऊन ती चकमक पचवायला मदत करतो. दोन वर्दीवाले दोस्त मिळून पुरावा रचतात आणि आपण टाळ्या वाजवतो. एक वर्षही झालं नाही. ६ डिसेंबर २०१९ ला, आपण चैत्यभूमीवर रांगेत उभे असताना, हैदराबादजवळ पोलिसांनी बलात्कार आणि खुनाच्या चार आरोपींना पहाटे गोळ्या घातल्या. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं की गोळीबार ठार मारण्याच्या हेतूनेच झाला होता आणि चौघांपैकी तिघं अल्पवयीन होते. फुलं उधळणाऱ्यांपैकी किती जणांनी तो अहवाल उघडला?

सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी जाहीर व्यासपीठावर 'सिंघम'चं नाव घेऊन इशारा दिला की कायद्याची प्रक्रिया बाजूला सारून झटपट न्याय देणाऱ्या नायकाची ही प्रतिमा घातक आहे. बरोबर एक वर्षाने, २३ सप्टेंबर २०२४ ला, बदलापूर प्रकरणातला आरोपी अक्षय शिंदे पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. 'बदला पूरा' असे फलक मुंबईत लागले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने जानेवारी २०२५ मध्ये त्या मृत्यूला गाडीतल्या पाच पोलिसांना जबाबदार धरलं. त्या दोन लहान मुलींच्या खटल्यात मुख्य आरोपीची उलटतपासणी आता कधीच होणार नाही. गोळीने मुलींना न्याय दिला नाही, त्यांच्या खटल्याचं तोंड बंद केलं.

आणि १ नोव्हेंबर २०२४ ला, दिवाळीत, 'सिंघम अगेन' आला. यात तर पोलिसांची सगळी फौजच एकत्र, आणि कथा थेट रामायणाच्या चौकटीत बसवलेली. सिंघम राम, सिम्बा विनोदी हनुमान, खलनायक लंकेचा आणि मुसलमान. आता पोलीस कायद्याचा नोकर उरत नाही, तो अवतार होतो. अवताराला कुणी समन्स बजावत नाही. शंबुकाची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना रामराज्यातल्या दंडाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

दीड महिन्याने परभणी. १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक आणि मग वस्त्यांत पोलिसांचं कोम्बिंग. सोमनाथ व्यंकट सूर्यवंशी, वय ३५, वडार समाजातला, कायद्याचा विद्यार्थी, याला उचललं. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदनात अंगावरच्या अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद आली. विधानसभेत मात्र मारहाण झालीच नाही असं सांगितलं गेलं. सोमनाथच्या आईने, विजयाबाईंनी, माघार घेतली नाही. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

रोहित शेट्टीच्या एका पोलीस नायकाचं आडनाव सूर्यवंशी. परभणीच्या कोठडीत मेलेल्या पोराचं आडनावही सूर्यवंशी. एक सूर्यवंशी हेलिकॉप्टरला लटकून कायदा मोडतो आणि राष्ट्रनायक ठरतो. दुसरा सूर्यवंशी कायद्याची पुस्तकं वाचत होता. पोलिसांच्या सिनेमातला तिसरा कोण, हे यापेक्षा स्पष्ट आम्हाला सांगता येणार नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप: बलात्काऱ्याला गोळी घातली तर तुमचं काय जातं? आमचं बरंच जातं. नगर जिल्हा आपल्याला लागून आहे, म्हणून तिथलंच बोलू. कोपर्डीच्या मुलीच्या खटल्याचा निकाल नोव्हेंबर २०१७ मध्ये लागला, तपास झाला, साक्षी टिकल्या, आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली गेली. त्याच महिन्यात, त्याच जिल्ह्यात, खर्ड्याच्या नितीन आगे खून खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी सुटले. खर्ड्यात काय कमी पडलं? बंदूक? नाही. कमी पडलं ते साक्षीदारांचं संरक्षण, वेळेवर घेतलेले जबाब, चिकाटीचा तपास. आपल्याला सिंघम नको आहे, आपल्याला नीट पंचनामा लिहिणारा फौजदार हवा आहे. आणि ज्या खात्याला खैरलांजीत पंचनामा धड करता आला नाही, त्याच्या हातात न्यायनिवाड्याची बंदूक द्यायची? ती कुणाकडे वळेल हे आपल्याला ठाऊक नाही का? देशातल्या तुरुंगांत अनुसूचित जातींच्या माणसांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे, हे सरकारचीच आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते. संशयित म्हणून पहिल्यांदा आपणच दिसतो. मग चकमकीत पहिल्यांदा कोण दिसणार?

दुसरा आक्षेप चळवळीतल्या मित्रांचा आहे: मग आपल्या माणसाला नायक करा, पडद्यावर एखादा कांबळे, एखादा गायकवाड सिंघम होऊ दे. हा युक्तिवाद आकर्षक आहे, पण पुरेसा नाही. 'बॅड बॉईज'चे दोन्ही नायक कृष्णवर्णीय आहेत, म्हणून झोपडपट्टीतून गाडी घालायची थांबली नाही. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत मेम्फिसला टायर निकोल्स या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांनी मारहाण केली आणि तो मेला. खटला ज्या पाच पोलिसांवर झाला ते पाचही कृष्णवर्णीय होते. खुर्चीत आपला माणूस बसला आणि खुर्चीचा स्वभाव तोच राहिला, तर खुर्ची माणसाला गिळते. प्रतिनिधित्व हवंच, बाबासाहेबांनी ते झगडून मिळवलं. पण ते उतरंडीत एक पायरी वर चढण्यासाठी नव्हतं, उतरंड मोडण्यासाठी होतं.

तिसरा आक्षेप भरतीच्या पोरांचा: म्हणजे आम्ही पोलीस होऊ नये? अरे बाबांनो, जरूर व्हा. आम्ही तुमच्यासाठी गोळाफेकीचा गोळा विकत आणला आहे आणि अभ्यासिकेतली पुस्तकंही. ठाण्यात आपली पोरं-पोरी असणं म्हणजे काय, हे आम्ही अनुभवलं आहे. एका पोलीस ठाण्यात अॅट्रॉसिटीची तक्रार घेऊन गेलेल्या बाईला दुपारपासून रात्रीपर्यंत बाकावर बसवून ठेवलं होतं. 'साहेब नाहीत', 'आधी गावात मिटवा', 'उद्या या'. शेवटी गुन्हा नोंदवला तो रात्रपाळीला आलेल्या एका तरुण महिला पोलिसाने पुढाकार घेतला म्हणून. तिने कुणाच्या कानशिलात लगावली नाही, टेबलावर उडी मारली नाही. तिने वही उघडली, पेन काढलं आणि विचारलं, "मावशी, पहिल्यापासून सांगा." आमच्या लेखी तीच खरी नायिका. तिच्यावर सिनेमा निघणार नाही, कारण त्यात गाड्या फुटत नाहीत.

मग करायचं काय

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बजावलं होतं की संविधानिक नैतिकता माणसात उपजत नसते, ती रुजवावी लागते. २५ नोव्हेंबर १९४९ ला त्यांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला आणि संविधानिक मार्ग उपलब्ध असताना असंविधानिक मार्गांना जागा नाही, असंही सांगितलं. आपण ही वाक्यं नेहमी आंदोलकांना लावतो. ती वर्दीलाही लागू आहेत. बनावट चकमक हा असंविधानिक मार्गच आहे, तो सरकारी गाडीतून जातो एवढाच फरक.

म्हणून आमची मांडणी साधी आहे. सिनेमे बंद पाडा, पोस्टर फाडा, असं आम्ही म्हणत नाही. बंदीची भाषा आपली नाही, तिचा फटका शेवटी आपल्यालाच बसतो. बघा, पण डोकं सोबत घेऊन बघा. वस्तीत 'सिंघम अगेन' दाखवायचा असेल तर दुसऱ्या रात्री 'जय भीम' दाखवा. २०२१ च्या नोव्हेंबरात 'सूर्यवंशी' आणि 'जय भीम' तीन दिवसांच्या अंतराने आले होते. 'जय भीम'मध्येही एक जोडी आहे: कोठडीत मेलेल्या आदिवासी माणसाच्या बायकोसाठी लढणारा वकील, आणि सत्य शोधून काढणारा पोलीस अधिकारी. आधी एकमेकांवर विश्वास नसलेले हे दोघं कायद्याच्या वाटेने एकत्र येतात. दोन दोस्तांचा असाही सिनेमा होऊ शकतो. त्यात तिसरा चौकटीबाहेर राहत नाही, ती बाई खटल्याच्या मधोमध उभी असते. दोन्ही सिनेमे दाखवा आणि मग पोरांनाच बोलू द्या.

भरतीच्या अभ्यासिकेत गणित आणि सामान्य ज्ञानाच्या जोडीला आठवड्यातून एक तास कायदा शिकवा. अटक करताना काय पाळायचं हे सांगणारा १९९६ चा डी. के. बसू निकाल. दखलपात्र गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे हे सांगणारा २०१३ चा ललिताकुमारी निकाल. प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावा असं सांगणारा २०२० चा निकाल. अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ४, जे कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकालाच शिक्षा सांगतं. वर्दी मिळाली तर हे तुमचं काम आहे. नाही मिळाली तर हे तुमचं संरक्षण आहे. दोन्हीकडून उपयोगाचं असं दुसरं ज्ञान आम्हाला माहीत नाही.

पुढचा भाग येणारच. 'धूम'चा येईल, सिंघमचा येईल, जोपर्यंत तिकीट विकलं जातं तोपर्यंत येत राहील. आपल्याकडेही एक पुढचा भाग आहे. रमाबाई नगर, खैरलांजी, खर्डा, परभणी ही त्याची आधीची प्रकरणं आहेत, आणि विजयाबाई सूर्यवंशी आज कोर्टाच्या पायऱ्या चढून तो पुढे लिहीत आहेत. त्याला पार्श्वसंगीत नाही. त्याला वकील लागतात, साक्षीदार लागतात, तारखेला सोबत जाणारी माणसं लागतात, आणि ठाण्यात वही उघडणारा प्रामाणिक हात लागतो. पहाटे धावणाऱ्या पोरांनो आणि पोरींनो, तो हात तुमचा असावा.

जयभीम. जय संविधान.